श्रद्धेचे विद्यापीठ आणि प्रश्नाची मुभा

ज्या संस्थेने आपल्या स्थापनेच्या सनदेतच एका विशिष्ट धर्ममताचा उच्चार केला आहे, तिला विद्यापीठ हे नाव शोभते की नाही, हा वाद युरोपात एकोणिसाव्या शतकापासून चालत आला असून आपल्याकडेही तो अधूनमधून डोके वर काढतो. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, विद्यापीठाचा स्वधर्म सत्यशोधन हा आहे आणि सत्यशोधनाची पहिली अट ही की निष्कर्ष आधी ठरलेला नसावा. कॅथलिक चर्चने तर ईश्वर, ख्रिस्त, आत्मा आणि मुक्ती यांविषयीचे आपले निष्कर्ष शतकानुशतके निश्चित करून ठेवलेले आहेत. तेव्हा उत्तर जेथे आधीच हाती आहे तेथे प्रश्न हा केवळ उपचार उरतो, आणि कॅथलिक विद्यापीठ ही कल्पनाच वदतोव्याघात ठरते. हा आक्षेप हलका नाही. संस्थांच्या भव्य इमारती दाखवून किंवा त्यांतून बाहेर पडलेल्या नामवंतांची यादी वाचून त्याचे निरसन होण्याजोगे नाही. त्यासाठी इतिहासाचे दप्तर उघडावे लागते, आणि त्या दप्तरात चर्चच्या बाजूचे जे कागद आहेत तितक्याच निर्मळ मनाने तिच्या विरुद्ध बाजूचेही वाचावे लागतात.

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून जे उत्खनन केले, त्यात जगन्नाथ टेकडीच्या मातीखालून एक प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला; त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत आणि बुद्धावर फणा धरणारा नागराज मुचलिंद तेथे नावानिशी अंकित आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगास, भंडारा आणि नागपूर या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, आंभोऱ्याच्या संगमावर मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ रचला अशी आमच्याकडील परंपरा आहे. त्या स्थळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु शंकराचार्यांचे अद्वैत गुरुशिष्यांच्या संवादरूपाने मराठीत उतरविणारा तो ग्रंथ आपल्या भाषेच्या आरंभकाळातील ठेवा आहे, याविषयी दुमत नाही. पवनीच्या विहारात राहणाऱ्या भिक्षूंची निष्ठा बुद्धावर होती, मुकुंदराजांची श्रुतीवर होती. म्हणून त्यांच्या आश्रयाने झालेला विचार खुजा ठरला, असे कोणी म्हणत नाही. निष्ठा आणि चिकित्सा एका छपराखाली नांदू शकतात, हे या मातीने फार पूर्वी पाहिले आहे. तेव्हा वादाचा खरा मुद्दा श्रद्धा असावी की नसावी हा नसून, त्या श्रद्धेच्या हाती किती सत्ता असावी आणि त्या सत्तेने स्वतःस कोणती मर्यादा घालून घ्यावी, हा आहे. माझे प्रतिपादन एवढेच की, कॅथलिक ज्ञानपरंपरेने जेथे जेथे आपला हुकूम आवरता घेतला तेथे तेथे तिच्या विद्यापीठांनी मानवजातीस अमूल्य असे काही दिले, आणि जेथे जेथे तो मोकाट सोडला तेथे तेथे त्यांनी आपल्याच उद्दिष्टाचा घात केला.

युरोपातील पहिली विद्यापीठे राजांच्या कचेऱ्यांतून निघाली नाहीत; ती चर्चच्या सावलीत, कॅथेड्रलांच्या शाळांभोवती आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्या संघांतून वाढली. पॅरिसच्या संघास राजा फिलिप याने १२०० साली सनद दिली. पुढे १२२९ मध्ये नगररक्षकांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले, तेव्हा अध्यापकांनी पाठ बंद केले आणि ते शहर सोडून निघून गेले. त्या कलहाची अखेर करताना पोप नववे ग्रेगरी यांनी १२३१ साली जे आज्ञापत्र काढले, त्यात अन्यायाची दाद न मिळाल्यास पाठ तहकूब ठेवण्याचा अध्यापकांचा अधिकार मान्य केला आणि स्थानिक बिशप व त्याचा कुलपती यांच्या अखत्यारीस लगाम घातला. धर्मपीठाने आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध विद्वानांच्या संघाला दिलेली ती कवचकुंडले होती. विद्यापीठीय स्वातंत्र्याचा उगम केवळ चर्चविरोधात शोधणाऱ्यांनी हा दस्तऐवज एकदा अवश्य ध्यानात घ्यावा.

त्याच पॅरिसमध्ये त्या शतकाच्या मध्यास थॉमस अक्वायनस शिकवीत होते. त्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथाची मांडणी आपल्या शास्त्रग्रंथांशी परिचय असणाऱ्यास ओळखीची वाटेल, कारण तेथे प्रत्येक विषयाचा आरंभ पूर्वपक्षाने होतो. ईश्वर आहे काय, असा प्रश्न मांडून ते उत्तराकडे धाव घेत नाहीत. प्रथम विरोधकाचे म्हणणे येते: ईश्वर अनंत मंगलस्वरूप असेल तर जगात अमंगल उरावयास नको होते, परंतु ते आहे, शिवाय निसर्गातील घडामोडींचा उलगडा निसर्गाच्या नियमांनी आणि मनुष्यकृत्यांचा उलगडा मनुष्याच्या बुद्धीने होत असेल, तर ईश्वर मानण्याचे प्रयोजन काय? नास्तिकाचे हे दोन सर्वांत समर्थ आक्षेप एका संन्यस्त धर्मगुरूने विद्यार्थ्यांच्या हाती द्यावयाच्या पाठ्यग्रंथात अग्रभागी मांडले आणि मगच सिद्धान्ताकडे पाऊल टाकले. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नेटके मांडून दाखविल्यावाचून आपले उत्तर देऊ नये, ही शिस्त ज्या परंपरेने घालून दिली, तिच्यावर प्रश्नाला भिणारी परंपरा असा शिक्का सरसकट मारता येत नाही.

परंतु त्याच शहराच्या दप्तरात दुसरेही कागद आहेत. ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनास तेथे १२१० मध्ये आणि पुन्हा १२१५ मध्ये बंदी घालण्यात आली. चाळीस वर्षांनी, १२५५ साली, तेच ग्रंथ अभ्यासक्रमात अधिकृतपणे दाखल झाले. १२७७ मध्ये पॅरिसचे बिशप एतियन ताँपिए यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरविली आणि त्यांपैकी काहींचा रोख तीन वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या थॉमस यांच्या विचारांवरही होता. पुढे १३२३ साली चर्चने त्याच थॉमस यांना संतपद दिले, आणि दोन वर्षांनी पॅरिसच्या बिशपास पूर्वीचा निषेध, थॉमस यांच्यापुरता, मागे घ्यावा लागला. ज्याला काल धोकादायक म्हटले त्यालाच उद्या आचार्य मानावे लागते, हा अनुभव त्या चर्चच्या स्मृतीत इतका खोल रुजलेला आहे, की मनाई करण्याची घाई तिने तरी करू नये.

हा द्वंद्वाचा इतिहास आपल्या घरापर्यंत, गोव्यापर्यंत, येऊन पोचतो. तेथील सेंट पॉलच्या महाविद्यालयाचा पाया १५४२ च्या सुमारास घातला गेला. येशूसंघाकडे, म्हणजे जेझुइट पंथाकडे, असलेल्या त्या संस्थेत १५५६ मध्ये छापखाना आला आणि भारतातील मुद्रणाचा आरंभ तेथे झाला. १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांनी येथील लोकांची भाषा, तिचे छंद, तिची पुराणे यांचा असा काही अभ्यास केला, की १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले तेव्हा सुमारे ११,००० ओव्यांचा एक संपूर्ण मराठी ग्रंथ ख्रिस्ताच्या चरित्रावर उभा राहिला होता. लिपी रोमन, विषय बायबलचा, आणि ओवी मात्र आपल्या संतकवींच्या परंपरेतली. ज्याला शिकवावयाचे त्याच्या भाषेचा शिष्य आधी व्हावे लागते, हे तत्त्व त्या ग्रंथाने कोणतेही व्याख्यान न देता सिद्ध केले. काव्याच्या ओढीने हा इंग्रज साधू जो मुलूख जिंकू शकला तो कोणत्याही व्हाइसरॉयला जिंकता आला नाही.

आणि तरीही त्याच गोव्यात १५६० पासून धर्मचौकशीचे न्यायासन चालू होते. मधल्या अल्प खंडाखेरीज ते १८१२ पर्यंत चालले, आणि संशयावरून माणसांना कारावास व दंड भोगावयास लावण्याचे अधिकार त्यास होते. १६८४ साली व्हाइसरॉयच्या फर्मानाने देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज भाषा आत्मसात करण्याचा हुकूम सुटला. म्हणजे ज्या भाषेत स्टीफन्स यांनी आपल्या प्रभूचे चरित्र गायिले होते, तीच भाषा बोलणे राजसत्तेच्या लेखी अपराधाच्या जवळ जाऊन पोचले. धर्म एक, भूमी एक, काळातही फारसे अंतर नाही. फरक होता तो श्रद्धेच्या हाती दंड होता की नव्हता, एवढाच. दंडाशिवाय वावरणाऱ्या श्रद्धेने मराठीस एक महाकाव्य दिले आणि दंडासह वावरणाऱ्या श्रद्धेने एका लोकसमूहाची जीभ बांधण्याचा प्रयत्न केला. कॅथलिक विद्यापीठाविषयी बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. त्यांपैकी एकीचाच उच्चार करणारा मनुष्य इतिहास सांगत नसतो, वकिली करीत असतो.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील राजसत्तेशी असलेले चर्चचे नाते सैल झाले आणि विद्यापीठाचा विचार नव्याने सुरू झाला. इंग्रज कॅथलिक धर्मगुरू जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ साली डब्लिन येथे जी व्याख्याने दिली, त्यांत विद्या ही स्वतःच एक साध्य आहे, ती धर्मप्रचाराचे किंवा पोटापाण्याचे केवळ साधन नव्हे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र जे विद्यापीठ सर्व विद्यांचा दावा करते त्याने ईश्वरविद्येस दाराबाहेर ठेवले, तर त्याचे ज्ञानमंडल अपुरे राहते, असाही त्यांचा आग्रह होता. दोन वर्षांनी त्यांच्या धुरीणत्वाखाली आयर्लंडचे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले. ते फार काळ तग धरू शकले नाही, तथापि त्यामागील विचार टिकला, आणि विद्यापीठाविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्या कोणासही आजतागायत त्याला वळसा घालून पुढे जाता आलेले नाही.

भारतात या विचाराचे जे सर्वांत निकटचे उदाहरण, ते महाराष्ट्रातच, पुण्यास नगर रस्त्यावर उभे आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली सिंहलद्वीपातील कँडी येथे एका धर्मशिक्षणपीठाची स्थापना केली. भारताचे आध्यात्मिक सेवक भारताच्याच पुत्रांतून निर्माण व्हावेत, परदेशातून येणाऱ्यांवर येथील चर्चने कायमचे अवलंबून राहू नये, हा त्यामागील हेतू होता. ज्या काळात साम्राज्याच्या कोणत्याही कारभारात वरिष्ठ जागा एतद्देशीयांच्या हाती देण्यास राज्यकर्ते नाखूश होते, त्या काळात हा हेतू लहानसहान नव्हता. १९२६ मध्ये या पीठास तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या या विषयांच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला, आणि स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, ते पुण्यास आले. ज्ञानदीप विद्यापीठ या नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. येशूसंघाकडे त्याची व्यवस्था असून देशाच्या सर्व भागांतून आलेले भावी धर्मगुरू, आणि त्यांच्या जोडीने संन्यासिनी व सामान्य प्रापंचिक विद्यार्थीही, तेथे शिकत आले आहेत. मराठी वाचकाला पुण्याची पुष्कळ विद्यापीठे ठाऊक असतात, परंतु आपल्याच शहरात ईश्वरविद्येचे असे एक अखिल भारतीय पीठ आहे याची वार्ता पुणेकरांपैकीही थोड्यांनाच असते.

त्या परिसरातील येशूसंघाच्या निवासास रॉबर्ट दि नोबिली यांचे नाव आहे. १६०६ साली मदुरेस पोचलेला हा इटालियन साधू तमिळ, तेलुगू आणि संस्कृत शिकला, काषाय वस्त्रे नेसला, येथील संन्याशाप्रमाणे राहिला. त्याच्याच पंथातील लोकांनी त्याच्याविरुद्ध तक्रारी केल्या, तेव्हा पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२३ साली बहुतांशी त्याच्या बाजूने निर्णय दिला. परंतु येथेही सत्य पुरते सांगितले पाहिजे. उच्चवर्णीयांत मिसळता यावे म्हणून दि नोबिली यांनी जातिभेदाची वहिवाट जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. ज्या विदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली धम्मदीक्षा घेतली आणि ज्या भंडाऱ्यात १९५४ साली त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेथील माणसाला ही तडजोड खटकल्यावाचून राहणार नाही, आणि ती खटकली पाहिजे. परधर्मीयांच्या ग्रंथांना नमस्कार करणारी विद्या त्यांच्या समाजरचनेतील अन्यायालाही नमस्कार करू लागली, तर तिने आदर आणि शरणागती यांतील भेद ओळखलेला नसतो.

पुण्याच्या या पीठाने केलेले सर्वांत मोलाचे कार्य मला विचारले तर, त्याच्या वर्गांतून आणि त्याच्या भोवतालच्या अभ्यासकांकडून झालेला हिंदू तत्त्वज्ञानाचा व भक्तिमार्गाचा सखोल अभ्यास, हेच मी सांगेन. बेल्जियममधून आलेले रिचर्ड दि स्मेट हे येशूसंघीय तेथे दीर्घकाळ तत्त्वज्ञान शिकवीत असत. शंकराचार्यांच्या ईश्वरविद्येची पद्धती हा त्यांच्या रोम येथील प्रबंधाचा विषय होता, आणि त्यांचे म्हणणे असे की, शंकराचार्यांना केवळ तर्कनिष्ठ तत्त्वज्ञ समजणे ही चूक आहे. ते श्रुतीवर निष्ठा ठेवून तिचा अर्थ तर्काने उलगडणारे भाष्यकार होत, आणि त्या अर्थाने अक्वायनस यांचे सगोत्र होत. निर्गुण ब्रह्म म्हणजे व्यक्तित्वशून्य असे काही, हा प्रचलित समजही त्यांनी बारकाईने तपासून नाकारला. हे मत सर्वांना मान्य होईल असे नाही. परंतु एका ख्रिस्ती धर्मगुरूने आचार्यांच्या भाष्यांत आयुष्य घालवावे आणि आमच्याच पंडितांशी आमच्याच ग्रंथांवर समबळाने वाद करावा, यातच त्या विद्यापीठाचे सार्थक आहे. पुण्यात अभ्यास करणारे फ्रेंच येशूसंघीय गी दलरी यांचा विठ्ठलभक्तीवरील इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. जर्मन येशूसंघीय मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनाचा आढावा घेणारा ग्रंथ १९७६ साली लिहिला. चर्चच्या महासभेने १९६५ साली इतर धर्मांतील जे सत्य आणि पवित्र त्याचा आपण अव्हेर करीत नाही असे जाहीर केले. त्या घोषणेच्या आधीच या मंडळींनी तिचे आचरण आरंभिले होते.

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ पासून चालू आहे. तेथे स्पॅनिश येशूसंघीय हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था काढली आणि १९५५ मध्ये देह ठेवीपर्यंत विजयनगरापासून सिंधू संस्कृतीपर्यंतच्या विषयांत स्वतःस वाहून घेतले. रांचीच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील कामिल बुल्के यांनी रामकथेच्या उगमावर आणि विस्तारावर हिंदीतून प्रबंध लिहिला. बार्सिलोना आणि बेल्जियम येथून आलेल्या या माणसांची श्रद्धा त्यांच्या संशोधनास आडवी आली नाही. उलट दुसऱ्याच्या पवित्र वस्तूकडे पवित्र म्हणूनच पाहण्याची दृष्टी तिने त्यांना दिली, आणि ही दृष्टी तटस्थ म्हणविणाऱ्या अभ्यासकाला पुष्कळदा लाभत नाही.

विदर्भाचा अनुभव थोडा निराळा आहे. नागपुरात ख्रिस्ती विद्येचा पहिला पाया स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट चर्चकडून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ नंतर घातला आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये निघाले. कॅथलिकांची सेंट फ्रान्सिस दि सेल्स शाळा १८७० ची, नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला, भंडारा जिल्हा त्यातच मोडतो, आणि १९५६ मध्ये त्याच फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय सुरू झाले. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारी आगगाडी भंडारा रोड आणि तुमसर रोड ही स्थानके ओलांडून जाते. त्याच मार्गावरील एका प्रवासात, १८९३ च्या सुमारास, नारायण वामन टिळक यांच्या हाती एका अनोळखी सहप्रवाशाने बायबलचा नवा करार ठेवला. टिळक पुढे प्रॉटेस्टंट झाले, कॅथलिक नव्हे. तथापि त्या डब्यात न हुकूम होता, न आमिष होते. एक पुस्तक होते आणि वाचणाऱ्याचे स्वतंत्र मन होते. त्यातून मराठीस जी भजने आणि कविता लाभल्या, त्या कोणत्याही सक्तीने लाभल्या नसत्या.

आता या संस्थांच्या जीवितकार्याविषयी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी जे संविधानपत्र काढले, त्यात चार लक्षणे सांगितली आहेत: संस्थेच्या एकूण जीवनाला ख्रिस्ती प्रेरणा असावी, मानवी ज्ञानाच्या वाढत्या भांडाराचा श्रद्धेच्या प्रकाशात अखंड विचार व्हावा, चर्चमार्फत आलेल्या ख्रिस्ती संदेशाशी निष्ठा असावी, आणि देवाच्या प्रजेची व अखिल मानवकुटुंबाची सेवा संस्थेने पत्करावी. यांतील दुसरे आणि तिसरे लक्षण यांच्यात जो ताण आहे तो उघड आहे, आणि तो लपविण्यात कोणाचेच हित नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक विद्यापीठांच्या धुरीणांनी, कोणत्याही बाह्य अधिकारापासून, मग तो धर्माधिकार का असेना, विद्यापीठास खरी स्वायत्तता हवी, असा जाहीरनामा काढला होता. १९७९ मध्ये ट्यूबिंगेनचे हान्स क्यूंग यांना कॅथलिक ईश्वरविद्या शिकविण्याची दिलेली परवानगी रोमने काढून घेतली. क्यूंग त्याच सरकारी विद्यापीठात निराळ्या पदावर शिकवीत राहिले.

माझ्या मते यांतून निघणारा न्याय असा. आपली शिकवण कोणती आणि कोणती नव्हे, हे सांगण्याचा हक्क प्रत्येक धर्मसंस्थेस आहे. तो तिच्याकडून काढून घेणे हा तिच्यावरच अन्याय होय. परंतु विद्यापीठाच्या आवारात त्या हक्काचा उच्चार युक्तिवादाने व्हावा, नेमणुका व परवाने काढून घेऊन नव्हे. अक्वायनस यांची शिस्त चर्चची स्वतःचीच आहे: प्रतिपक्ष पुरता मांडा, मग उत्तर द्या. ज्या उत्तराला परवाना रद्द करण्याचा आधार लागतो, ते उत्तर अजून पुरते सिद्ध झालेले नसते. आणि आपली निष्ठा उघडपणे सांगणारी संस्था, आपणास निष्ठाच नाही असा आव आणणाऱ्या संस्थेहून एका अर्थी अधिक प्रामाणिक असते. कारण बाजारभाव, राष्ट्राभिमान, राजकीय पक्ष, यांवरच्या न सांगितलेल्या निष्ठा आजच्या विद्यापीठांत कमी नाहीत, आणि सांगितलेल्या निष्ठेची झडती घेता येते तशी न सांगितलेलीची घेता येत नाही.

भारतीय संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७४ मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो हक्क उचलून धरला. तेव्हा येथील कॅथलिक संस्थेजवळ संरक्षण आहे, पण दंडसत्ता नाही. माझ्या प्रतिपादनाप्रमाणे हीच श्रद्धायुक्त विद्येस सर्वांत अनुकूल स्थिती होय. येथे मोह आहे तो निराळ्या जातीचा. साकोली, लाखनी, मोहाडी येथील आईबाप ख्रिस्ती शाळेच्या दारी येतात ते इंग्रजीसाठी, शिस्तीसाठी, मुलाला पुढे नागपूर-मुंबईत चांगली नोकरी मिळावी म्हणून. आणि संस्थाही निकालांच्या टक्केवारीत व प्रवेशाच्या गर्दीत समाधान मानू लागते. धानाच्या बांधावर राबणाऱ्या मजुराचा, चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत उतरणाऱ्या कामगाराचा मुलगा त्या दारापर्यंत पोचतो काय, आणि पोचल्यावर त्याला पदवीबरोबर प्रश्न विचारण्याचे धैर्य मिळते काय, हे विचारणारे कोणी उरत नाही. धर्मचौकशीच्या न्यायासनाने जे गोव्यात साधले नाही, ते प्रतिष्ठेच्या लोभाने सहज साधेल: श्रद्धा पाटीवर राहील आणि शोध दाराबाहेर जाईल.

बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेस १९५० साली काढलेल्या महाविद्यालयास मिलिंद या राजाचे नाव दिले. नागसेन भिक्षूस प्रश्नामागून प्रश्न घालणारा, आणि उत्तर पटेपर्यंत न सोडणारा तो राजा. स्वतः धम्माकडे वाटचाल करणाऱ्या पुरुषाने आपल्या संस्थेस उत्तर देणाऱ्याचे नव्हे, तर विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यात धर्म आणि विद्यापीठ यांच्या नात्याचा मर्मार्थ सामावलेला आहे. कॅथलिक संस्थांच्या चालकांस माझी विनंती तीच आहे. भारतीय चर्चने २०१६ साली दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे जे धोरण जाहीर केले, त्याची अंमलबजावणी आधी आपल्या वर्गांत आणि अध्यापकांच्या नेमणुकांत दिसू द्या; पुण्याच्या पीठात जी विद्या संचित झाली आहे ती मराठीतून भंडाऱ्याच्या ग्रंथालयापर्यंत येऊ द्या; आणि ख्रिस्ताविषयी, चर्चविषयी, तिच्या गोव्यातील अपराधांविषयी कोणताही प्रश्न विचारण्याची मुभा तुमच्या सर्वांत लहान विद्यार्थ्यासही असू द्या. मराठी वाचकासही एक सांगणे आहे: या संस्थांकडे केवळ इंग्रजीच्या शाळा म्हणून पाहणे सोडून, त्यांच्या विचाराशी वाद घालण्यासाठी त्यांच्या दारी जा. जे विद्यापीठ हा वाद आनंदाने पत्करील ते कॅथलिक असूनही विद्यापीठ आहे असे म्हणण्याची गरज उरणार नाही. ते कॅथलिक आहे म्हणूनच उत्तम विद्यापीठ आहे, असे म्हणावे लागेल.